आधी साखळी मोज

"म्हणजे मावशी, तुम्ही मुडदे कापायच्या?"

मॉरिसव्हिलमध्ये हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की हल्ली मी सरळ "हो, आणि आज माझ्याकडे जेवायला या" असं उत्तर देते. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात, कोणाच्या गृहप्रवेशाला, ग्रोसरीच्या रांगेत कोथिंबीर निवडताना, कुठेही. आमच्या सॉफ्टवेअरवाल्या पोरांना पॅथॉलॉजिस्ट म्हटलं की टीव्हीतलं शवागारच दिसतं. नाही रे बाबांनो! मी अठ्ठावीस वर्षं जिवंत माणसांचे तुकडे बघितले. माणूस वर बेडवर, त्याचा तुकडा खाली माझ्याकडे, आणि मी काय लिहिते त्यावर वरच्याचं पुढचं सगळं ठरायचं.

या अंकाची मंडळी "करिअरबद्दल लिहा" म्हणून मागे लागलीत. करिअरमध्ये लिहिण्यासारखं काय असतं? नागपूरला शिकले, इथे अमेरिकेत आले, सगळ्या परीक्षा पुन्हा दिल्या, हॉस्पिटलच्या तळमजल्यावर बिनखिडकीच्या खोलीत बसले आणि मागच्या वर्षी उठले. त्यापेक्षा एका गाठीची गोष्ट सांगते. तिच्यात मी आधी तोंडावर आपटले. पुढचं पुढे.

बाईच्या छातीत साधी गाठ होते, ती बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. तिची एक चुलत बहीण आहे, फायलोड्स. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ पानासारखी, कारण सूक्ष्मदर्शकाखाली तिचे पदर पिंपळाच्या पानांसारखे पसरलेले दिसतात. मराठीत तिला नाव नाही. मी मनातल्या मनात तिला पानगाठ म्हणत आले. क्वचित दिसते, पण दिसली की डोकं उठवते. कारण ती तीन स्वभावांची असते. एक गरीब, बिनाइन. एक कॅन्सर, मॅलिग्नंट. आणि एक या दोघींच्या मधली, बॉर्डरलाइन, जिचा भरवसा नाही पण जिला फाशीही देता येत नाही. यातली कोणती ते सांगायचं काम माझं.

ते कसं सांगायचं? गाठीची कड आजूबाजूला घुसलीय का, पेशींची गर्दी किती, त्या दिसायला किती बेढब, असं बरंच बघायचं. आणि विभागणाऱ्या पेशी मोजायच्या. एका पेशीच्या दोन होताना तिच्या पोटातले धागे ओढल्यासारखे दिसतात, तशा पेशी. जिथे जास्तीत जास्त गर्दी असेल तिथे मोठ्या भिंगातून बघायचं; एका वेळी दिसतं तो एक गोल, असे लागोपाठ दहा गोल, आणि मोजत जायचं. अंदाजे पाचाच्या आत असल्या तर गरीब. दहा किंवा वर गेल्या आणि बाकीची लक्षणंही वाईट असली तर कॅन्सर. ऐकायला सोपं आहे. पोळ्या मोजणंही सोपंच असतं, पण मोजताना दोन पोरांनी दोन पळवल्या तर?

या गाठीचा दुसरा खोडसाळपणा म्हणजे ती सगळीकडे सारखी नसते. इथे गरीब, दोन सेंटिमीटरवर डाकीण. नोकरीच्या सुरुवातीला माझ्याकडे नारळाएवढी एक गाठ आली होती. पाच तुकडे बघितले, सगळे साधे. मी "बिनाइन" लिहून मोकळी झाले. दोन वर्षांनी तीच गाठ त्याच जागी परत आली, आणि या वेळी ती साधी नव्हती. पहिल्या गाठीचा उरलेला भाग तोवर फेकून दिलेला. मी जे बघितलं ते बरोबर लिहिलं होतं, पण पुरेसं बघितलंच नव्हतं. सर्जन म्हणाला, "एनिबडी वुड हॅव मिस्ड इट." मला त्याचा राग आला. त्या बाईचं नाव मला आजही पाठ आहे. इथे लिहिणार नाही.

तेव्हापासून मी पानगाठीच्या बाबतीत कजाग झाले. सेंटिमीटरमागे एक तुकडा तर घ्यायचाच, आणि शंका आली तर बरणीत उरलेलं सगळं. लॅबमधली मुलं मला बघून "हिअर कम्स द बकेट लेडी" म्हणायची. म्हणोत.

आता रेनीची गोष्ट. माझ्यासाठी ती आधी एक प्लॅस्टिकचा ट्रे होती. वय एकतीस, डावं स्तन, सहा सेंटिमीटरची गाठ, दोन तासांवरच्या एका छोट्या गावात काढलेली. तिथल्या डॉक्टरांचा रिपोर्ट होता मॅलिग्नंट फायलोड्स, दहा गोलांत बारा विभागणाऱ्या पेशी. पुढच्या उपचारासाठी तिला आमच्याकडे पाठवलं होतं. बाहेरून आलेल्या पेशंटच्या स्लाइड आपल्या डोळ्यांनी पुन्हा बघितल्याशिवाय आमच्याकडे कोणी सुरीला हात लावत नाही. पद्धतच आहे तशी, आणि चांगली पद्धत आहे.

मी बघितलं. पानं सुंदर पसरलेली. कड एका ठिकाणी जरा घुसलेली. पेशी थोड्या बेढब, पण फार नाही. मग मोजलं. सहा. पुन्हा मोजलं. सहा. म्हणजे मधली, बॉर्डरलाइन. बाकीची लक्षणं काठावर होती. पारडं झुकत होतं ते मोजणीनंच.

बुधवारी सकाळी सात वाजता आमचं ट्यूमर बोर्ड भरायचं. सर्जन, रेडिएशनवाले, आम्ही, सगळे बेगल, म्हणजे भोकाचे पाव, खात एकेका पेशंटचं भवितव्य ठरवायचो. डॉ. हॉली आमची ब्रेस्ट सर्जन, उंच, तुटक बोलणारी, हात सोन्यासारखा. ती म्हणाली, "मंगळवारी ऑपरेशन आहे. मॅलिग्नंट असेल तर मी पूर्ण स्तन काढते, नंतर रेडिएशनबद्दल बोलू. बॉर्डरलाइन असेल तर जुन्या जागेभोवतीची कड काढून भागेल. ती गावात टपाल वाटते. पिशवी डाव्या खांद्यावर असते तिची. मला विचारत होती, पिशवी आता कुठे अडकवू? मला एक उत्तर द्या. दोन नकोत."

मी म्हटलं, सहा आहेत.

"त्यांनी बारा लिहिलेत."

आणि मग माझ्या जिभेला हाड राहिलं नाही. मी वीस जणांसमोर म्हणाले, "त्यांना मेलेली पेशी आणि विभागणारी पेशी यातला फरक कळत नसेल."

दोन-तीन जण हसले. हॉली हसली नाही. "दोन डॉक्टरांचं जुळलं नाही तर मी वाईट रिपोर्ट धरून चालते," ती म्हणाली. "सोमवारी दुपारपर्यंत वेळ आहे."

मी त्या डॉक्टरांना फोन लावला. डॉ. कॅल्विन. साठी ओलांडलेला, त्या हॉस्पिटलातला एकटाच पॅथॉलॉजिस्ट. आवाज गुळासारखा. "मॅम, मी चारदा मोजलंय. तुम्ही या ना इकडे. एकत्र बसून बघू." मला वाटलं, चला, हातच्या कंकणाला आरसा कशाला! तिथे जाऊन, त्याच्याच मायक्रोस्कोपवर, त्याच्याच डोळ्यांसमोर सहा मोजून दाखवते.

गुरुवारी मुलीनं, यशोनं, सुट्टी घेतली आणि मला गाडीतून नेलं, कारण हायवेवर मी ड्राइव्ह करते तेव्हा मागचे लोक हॉर्न वाजवतात. यशो इथेच जन्मलेली. शाळेत मुलांना बँड शिकवते. मी मराठीत बोलते, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते, आमचं छान चालतं. स्लाइडचा ट्रे मी तान्ह्या पोरासारखा मांडीवर धरला होता. दोन्ही बाजूंना पाइनची झाडं आणि तंबाखूची शेतं. मी रस्ताभर कॅल्विनचा उद्धार करत होते.

"आई, व्हॉट इफ ही इज राइट?" यशोनं विचारलं.

"तो कसा राइट असेल? मी मोजलंय ना!"

"ओके," ती म्हणाली, आणि गाणं लावलं.

कॅल्विननं माझ्यासाठी खुर्ची पुसून ठेवली होती. त्याचा मायक्रोस्कोप बघून मला हेवा वाटला. दीड वर्षापूर्वी घेतलेला, नवा कोरा, डोळा लावला की समोर मैदान उघडल्यासारखं. माझा बिचारा नोकरीला लागल्यापासूनचा, एक बटण चिकटपट्टीनं धरलेलं. मी स्लाइड लावली, गर्दीची जागा शोधली आणि मोठ्यानं मोजायला लागले. पहिला गोल, एक. दुसरा, दोन. आठव्या गोलाला माझे दहा झाले. दहाव्याला बारा.

मी पुन्हा मोजलं. अकरा. बारा नव्हे, पण सहाच्या जवळपासही नाही. सगळ्या खऱ्या, विभागणाऱ्या. मेलेली एकही नाही.

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण! बिनाइन लिहून मोकळी झालेली ती नारळाएवढी गाठ डोळ्यांसमोर उभी राहिली. म्हणजे याही वेळी मी कमीच बघितलं होतं, आणि वर वीस जणांसमोर त्या माणसाची चेष्टा केली होती. "कॉफी घेऊन येते," असं पुटपुटत मी कॅफेटेरियात गेले.

यशो तिथे तो घसा खवखवेल इतका गोड आइस्ड टी पीत बसली होती. मी समोर बसले आणि म्हटलं, "बारा आल्या."

"सेम स्लाइड?"

"सेम."

"सेम यू?"

"मग काय, शेजारीण मोजायला आली होती?"

"देन इट्स द मशीन, आई." ती स्ट्रॉ फिरवत म्हणाली. "डिड यू चेक आजोबाज चेन?"

माझे बाबा मोजणी खात्यात चेनमन होते. जमिनीची मोजणी करताना लोखंडी साखळी धरून शेताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचं, उन्हातान्हात, ढेकळांतून, हे त्यांचं काम. ज्यांच्या विहिरीवर त्यांना पाणी मिळायचं नाही, त्यांच्याच शेताची हद्द बाबांच्या हातातल्या साखळीनं ठरायची. ओढून ओढून साखळीच्या कड्या ताणतात, ती लांबते, आणि लांबलेल्या साखळीनं मोजलं की शेत लहान भरतं. म्हणून बाबा रोज सकाळी कचेरीच्या ओट्यावर खुणा केलेल्या जागी आधी साखळीच मोजायचे. साहेब कंटाळायचे. बाबा म्हणायचे, "आधी साखळी मोज, मग शेत. नाहीतर दोन भाऊ डोकी फोडतील आणि दोघंही खरं बोलत असतील." यशोला झोपवताना मी ही गोष्ट शंभरदा सांगितली असेल. तिला पाठ होती. मलाच नव्हती!

माझ्या पर्समध्ये जुन्या चष्म्याच्या डबीत एक काचेची पट्टी असते. तिच्यावर एका मिलिमीटरचे शंभर भाग कोरलेले असतात. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी तिनं माझ्या मायक्रोस्कोपचा गोल मोजला होता आणि आकडा कागदावर लिहून मशीनला चिकटवला होता. पट्टी सकाळपासून माझ्या काखेत होती, आणि मी कॅल्विनचं चारित्र्य मोजत बसले होते.

कॉफी तशीच टाकून मी धावले. पट्टी लावली. माझ्या मशीनला चिकटवलेला आकडा मला पाठ होता, गोल अर्ध्या मिलिमीटरला जरा कमी. त्याचा गोल अर्ध्यापेक्षा बराच मोठा, माझ्या जवळजवळ दीडपट.

"फक्त दीडपट?" कॅल्विन म्हणाला. "त्यानं सहाचे बारा कसे होतील?"

"दीडपट रुंदी. पण गोल सगळीकडून वाढतो ना! क्षेत्रफळ काढा."

त्यानं कागद ओढला, गुणाकार केला आणि पेन्सिल खाली ठेवली. क्षेत्रफळ दुपटीहून थोडं जास्त होतं. मोठ्या ताटात दुप्पट पोळ्या मावल्या, एवढंच झालं होतं. पुस्तकातली पाच-दहाची हद्द जुन्या, लहान गोलांवर ठरलेली; एका चौरस मिलिमीटरमागे ती अडीच ते पाच भरते. त्याचे दहा गोल म्हणजे माझे एकवीस-बावीस. दोघांचेही आकडे एका चौरस मिलिमीटरवर आणून ठेवले, तेव्हा दोन्ही साडेतीनच्या आसपास बसले. बॉर्डरलाइन. तोही बरोबर होता आणि मीही. साखळ्या वेगळ्या होत्या.

"वेल, आय विल बी..." कॅल्विन एवढंच म्हणाला. मशीन बसवणाऱ्यानं रुंद आयपीस, म्हणजे डोळ्याकडची भिंगं, बसवून दिली, सगळ्यांना छान मोठं दिसायला लागलं, आणि कोणीही मोजलं नाही. पण माझा तरी काय तोरा? मशीनवर आकडा चिकटवला होता, रिपोर्टात कधी लिहिला नव्हता. 'दहा गोलांत सहा' लिहून मोकळी व्हायचे. गोल केवढा, ते सगळ्यांना माहीत असतंच, असं आम्ही सगळेच धरून चालतो. ही आमच्याच धंद्यातली चूक आहे. दूधवाला असली चूक करणार नाही; त्याचं गिऱ्हाईक आधी माप बघतं.

मी त्याला म्हटलं, "बुधवारी मी तुमच्याबद्दल चारचौघांत वाईट बोलले. माफ करा." आणि काय बोलले तेही शब्दश: सांगितलं.

तो पोट धरून हसला. "काल रात्री जेवताना मी माझ्या बायकोला तुमच्याबद्दल काय म्हणालो, ते सांगू का, मॅम?"

"नको," मी म्हटलं. "बरणी कुठे आहे?"

कारण माझं अर्धंच काम झालं होतं. कॅल्विननं नियमाप्रमाणे सहा तुकडे घेतले होते, त्यात त्याची काही चूक नव्हती. पण डाकीण उरलेल्या भागात लपली असली, तर आमचं गणित चुलीत घालायच्या लायकीचं. बरणी त्यानं सांभाळून ठेवली होती. आम्ही दोघांनी ॲप्रन चढवले, गाठीचा कणन् कण कापला आणि सगळा मेणात बसवायला दिला. अठरा नवे ब्लॉक. यशोनं दारातून डोकावून बघितलं आणि "यू टू आर हॅविंग वे टू मच फन" म्हणून परत फिरली.

शनिवारी सकाळी कॅल्विन स्वत: गाडी चालवत नव्या स्लाइड घेऊन आमच्या तळमजल्यावर हजर झाला. आधी त्याला माझ्या चिकटपट्टीवाल्या मशीनवर जुनी स्लाइड मोजायला लावली. त्याच्या आल्या सहा. तो लहान मुलासारखा खूश झाला. मग नव्या अठरा. एकेक स्लाइड दोघांनी बघायची, आधी बोलायचं नाही, कागदावर लिहायचं. अकराव्या स्लाइडवर गर्दीचा एक पट्टा आला. मोजलं. पाच. त्याचा कागद बघितला, पाच. अठराव्या स्लाइडपर्यंत डाकीण कुठेही निघाली नाही. मी घरून थर्मासमध्ये चहा नेला होता. अठरावी संपल्यावर तो आम्ही उभ्याउभ्याच प्यालो, आणि मला इतका आनंद झाला होता की मी त्याला डब्यातली पुरणपोळीसुद्धा देऊन टाकली. स्वत:साठी आणलेली.

सोमवारी सकाळी एकच रिपोर्ट गेला, दोन सह्यांचा. बॉर्डरलाइन. आणि कंसात, ठळक अक्षरांत, गोल केवढा ते. हॉलीला फोन केला. ती म्हणाली, "तुम्ही दोघं एकाच आकड्यावर?" मी म्हटलं, "आकड्यावर नाही, साखळीवर." मग तिला सगळं सांगावं लागलं, बाबांसकट. हॉलीसारखी बाई फोनवर पाच मिनिटं गप्प राहून ऐकते, हे मी पहिल्यांदाच अनुभवलं. शेवटी म्हणाली, "मी रेनीला कळवते. आत्ता." आणि फोन ठेवला.

मंगळवारी स्तन शाबूत राहिलं. भोवतीची जी कड काढली, ती खाली माझ्याकडे आली. मी कोणाला हात लावू दिला नाही. कोणती बाजू कुठली ते कळावं म्हणून सहा बाजूंना सहा रंगांची शाई स्वत: लावली, कापली, दुसऱ्या दिवशी बघितली. सगळीकडून स्वच्छ. त्या दिवशी मी लॅबमध्ये गाणं म्हणत होते, असं मुलं सांगतात. मला आठवत नाही.

कॅल्विननं त्या मशीनवर केलेले या जातीचे सगळे जुने रिपोर्ट काढून पुन्हा मोजले. एकही बदलावा लागला नाही. हे सांगायला त्यानं मुद्दाम फोन केला.

आमच्या धंद्यात पेशंट दिसत नाही. पण वर्षभरानं तपासणीला आलेली रेनी हॉलीला म्हणाली, "मोजणारी बाई कुठे बसते?" आणि पोस्टाच्या निळ्या शर्टात ती आमच्या तळमजल्यावर उतरली. सावळी, ठेंगणी, हसरी. मी तिला खुर्चीत बसवलं, तिचीच स्लाइड लावली.

"ही माझी?" ती म्हणाली. "पानं आहेत ही! आणि त्या बारा कुठे?"

मी भिंगातला बाण फिरवून एक दाखवली. "एवढीशी? हिच्यावर माझं सगळं ठरत होतं?" मग वळून म्हणाली, "डॉ. हॉली सांगत होत्या तुमच्या वडिलांचं. माझंही चालायचंच काम आहे. रोज आठ मैल." जाताना तिनं पिशवी उचलली आणि डाव्या खांद्यावर अडकवली. मी दार लावून घेतलं आणि मनसोक्त रडले.

मागच्या वर्षी निवृत्त झाले, तेव्हा फलक मिळाला, केक मिळाला, भाषणं झाली. काचेची पट्टी मी माझ्या जागेवर आलेल्या मुलीला दिली. परवा तिनं फोन केला होता. म्हणाली, मला एक सांगा, इथे कुठल्याही गाठीचा आकडा वाचला की डॉ. हॉली आधी एकच प्रश्न विचारतात, त्याचं उत्तर दिल्याशिवाय पुढे जाऊच देत नाहीत, तो कुठून आला?

मी विचारलं, कोणता प्रश्न?

"विच चेन?"

बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांनी कधी विमान बघितलं नाही, आणि ज्या ओट्यावर ते साखळी मोजायचे तिथे त्यांना बसायला कोणी खुर्ची दिली नाही. दर बुधवारी सकाळी सात वाजता, बेगल खाणाऱ्या वीस डॉक्टरांसमोर, अमेरिकेतली एक सर्जन त्यांचा प्रश्न विचारते, आणि उत्तर मिळेपर्यंत सुरी थांबलेली असते.